दोन कार्डं, सामाईक हीटपाइप: लिनक्स लॅपटॉपवरची आतापर्यंतची स्थिती

काम आहे लॅपटॉपची उष्णता कमी करण्याचं. जोडी अशी: इंटेलचा एच मालिकेतला प्रोसेसर, त्यातल्याच ग्राफिक्सवर स्क्रीन, सोबत एनव्हिडियाचं ट्युरिंग पिढीचं कार्ड. हीटपाइप, म्हणजे उष्णता पंख्याकडे नेणाऱ्या नळ्या, दोन्ही चिपांना सामाईक आहेत. त्यामुळे कार्ड काहीही न करता नुसतं जागं राहिलं, तरी प्रोसेसर गरम राहतो. कामाचा क्रम यावरूनच ठरला: आधी कार्ड खरंच झोपवायचं, मग प्रोसेसरच्या वॅटना लगाम, आणि चिप व हीटसिंकमधल्या पेस्टला हात सगळ्यात शेवटी.

मोजायचं ते वॅटमध्ये. तापमान खोलीनुसार आणि पंख्यानुसार हलतं. चार्जर काढून बॅटरीच्या ‘पॉवर नाऊ’ फाइलमधला आकडा वाचा. तो मायक्रोवॅटमध्ये असतो, १० लाखांनी भागला की झालं. काही मशीनवर ही फाइल नसते. तिथे ‘करंट नाऊ’ आणि ‘व्होल्टेज नाऊ’ दोन्ही १० लाखांनी भागून गुणाकार करायचा. कार्ड झोपल्यावर हा आकडा काही वॅटनी स्पष्ट खाली येतो. आला नाही, तर कार्ड झोपलेलं नाही, सेटिंग काहीही सांगो.

झोपवण्यासाठी एनव्हिडियाच्या ड्रायव्हर मॉड्यूलचं ‘डायनॅमिक पॉवर मॅनेजमेंट’ हे पॅरामीटर २ वर ठेवलंय. १ ठेवलं तर एकही प्रोग्रॅम ड्रायव्हर वापरत नसेल तेव्हाच कार्ड बंद होतं. २ वर प्रोग्रॅम उघडा असला तरी काम नसताना झोपतं. ट्युरिंगनंतरच्या अँपिअर पिढीपासून पुढच्या लॅपटॉप कार्डांना हे मुळातच चालू असतं, ट्युरिंगला हाताने द्यावं लागतं. पॅरामीटर बदलल्यावर इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी छोटी फाइलसिस्टीम) नव्याने बनवायला विसरू नका. मॉड्यूल त्यातूनच लोड होत असेल तर जुनी किंमतच लागू राहते.

इथे बहुतेकांचं अडतं ते वेगळ्याच कारणाने. पीसीआयच्या (कार्ड ज्या बसवर जोडलेलं असतं तिच्या) नजरेत कार्ड म्हणजे एकच डिव्हाइस नव्हे. ०१:००.० वर ग्राफिक्स असलं, तर .१ वर एचडीएमआयचा ऑडिओ, आणि ट्युरिंगच्या बऱ्याच कार्डांवर .२ आणि .३ वर यूएसबी आणि टाइप-सी कंट्रोलर. यातला एकही ‘पॉवर कंट्रोल’ फाइलमध्ये ‘ऑन’ राहिला, तर अख्खं कार्ड जागं. यूडेव्ह (डिव्हाइस दिसताच सेटिंग लावणारी लिनक्सची सेवा) नियमाने चारही ‘ऑटो’ करा. मग ‘रनटाइम स्टेटस’ फाइल वाचा: ‘सस्पेंडेड’ दिसायला हवं.

तपासताना एनव्हिडिया-एसएमआय ही कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड चालवू नका. ते विचारायला जातं आणि कार्डाला उठवतं. पीसीआय डिव्हाइसांची यादी देणारी एलएसपीसीआयही तेच करते. पॅनेलवर जीपीयूचं तापमान दाखवणारं विजेट असेल तर ते दर काही सेकंदांनी कार्ड उठवत राहतं, आणि आपण ड्रायव्हरला दोष देत बसतो. ‘रनटाइम स्टेटस’ वाचल्याने मात्र कार्ड उठत नाही. प्रॉक फाइलसिस्टीममध्ये ड्रायव्हरची स्वतःची ‘पॉवर’ फाइलही आहे. तीत आरटीडी३ (चालू मशीनवर कार्ड झोपवण्याची सोय) लागू आहे का आणि व्हिडिओ मेमरी बंद आहे का, दोन्ही कळतं. मेमरीचा वापर २०० एमबीच्या वर असेल तर ती पूर्ण बंद होत नाही, सेल्फ-रिफ्रेशमध्ये, म्हणजे थोड्या विजेवर मजकूर जपत, राहते. हा आकडाही मॉड्यूल पॅरामीटरने बदलता येतो.

गेम किंवा ब्लेंडर एनव्हिडियाच्या कार्डावर न्यायला प्राइम-रन ही कमांड पुरेशी. सगळा डेस्कटॉप तिकडे हलवण्यात काही अर्थ नाही.

प्रोसेसरकडे वळल्यावर पॉवरकॅपमधली (कर्नलच्या वीजमर्यादेच्या फाइलींमधली) दीर्घ मुदतीची मर्यादा, म्हणजे पीएल१, ३५ वॅटवर आणली. फाइलमध्ये लिहायचा आकडा ३५०००००० मायक्रोवॅट. वेग फारसा जात नाही, कारण वरच्या टोकाच्या शेवटच्या काहीशे मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज चढवावं लागतं आणि वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. लिहिलेली मर्यादा थोड्या वेळाने बदललेली दिसली तर थर्मलडी ही तापमान सांभाळणारी सेवा चालू आहे का ते पाहा. तेही याच फाइलींवर लिहितं. एमएमआयओ या दुसऱ्या मार्गाने लावलेली वेगळी मर्यादाही असते आणि दोन्हींतली कमी तीच लागू होते. टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डीमन या वीज वाचवणाऱ्या दोन सेवा एकत्र ठेवू नका.

एक लक्षण वेगळं ओळखा: प्रोसेसर ६० अंशांवर आणि तरी घड्याळ, म्हणजे चालण्याचा वेग, ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्झला चिकटलेलं. ही प्रोसेसरची उष्णता नव्हे. बाहेरून प्रॉकहॉटचा, म्हणजे वेग लगेच कमी करायला लावणारा, इशारा आलेला असतो, बहुधा चार्जर ओळखला न गेल्याने किंवा व्हीआरएम (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणारा भाग) तापल्याने. पेस्ट बदलून यात काहीही सुधारत नाही.

पेस्ट. त्याआधी पंखा आणि फिन यांच्यामधली धुळीची गादी काढा. ती बाहेरून दिसत नाही, पंखा उचलल्यावरच दिसते. हवा मारताना पाती बोटाने धरा. हीटसिंकच्या स्क्रूंवर छापलेले आकडे उलट क्रमाने सोडवा, सुलट क्रमाने आणि थोडे-थोडे करून आवळा. लॅपटॉपची चिप उघडी असते आणि सतत तापते-निवते, त्यामुळे पातळ पेस्ट काही महिन्यांत कडेला ढकलली जाते. इथे पीटीएम७९५० सारखं फेज-चेंज, म्हणजे तापल्यावर मऊ होणारं, पॅड टिकतं. ते ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन बसतं, म्हणून पहिल्या काही तापण्या-निवण्यानंतरचेच आकडे धरा. मेमरीवरचे पॅड मूळ जाडीचेच हवेत. अर्धा मिलिमीटर जास्त झाला तरी हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही.

चाचणी प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींवर एकाच वेळी भार टाकून, किमान १५ ते २० मिनिटं. तोवर हीटसिंक पुरता तापत नाही. सोबत टर्बोस्टॅट या कमांडमधले पॅकेज (म्हणजे अख्ख्या प्रोसेसरचे) वॅट आणि ‘थर्मल थ्रॉटल’ फोल्डरमधले मोजणीचे आकडे (काउंटर) पाहायचे. चाचणीआधी आणि नंतर मोजणीचा आकडा तोच राहिला तर प्रोसेसरने उष्णतेपायी वेग सोडलेला नाही.

राहिलेलं: बाहेरचा मॉनिटर. एचडीएमआयचं पोर्ट थेट एनव्हिडियाच्या कार्डाला जोडलेलं आहे, म्हणून केबल लावली की कार्ड झोपू शकत नाही. टाइप-सीचं डिस्प्ले आउटपुट इंटेलकडून येतंय का ते आता तपासायचंय. डीआरएम (लिनक्सची ग्राफिक्स व्यवस्था) फोल्डरमधल्या कनेक्टरच्या नावाच्या सुरुवातीला कोणत्या कार्डाचा क्रमांक आहे त्यावरून कळेल.