ग्रामपंचायतीला उभी राहिले तेव्हा

आमच्या लातूर जिल्ह्यात कुणी पहिल्यांदा निवडणुकीला उभं राहिलं की पारावरचा एखादा जाणता हटकून विलासराव देशमुखांचं नाव काढतो. बाभळगावचे सरपंच, मग जिल्हा परिषद, 1980 ला आमदार, 1999 ला मुख्यमंत्री. तिकडे सांगलीचे आर. आर. आबा पाटीलसुद्धा 1979 ला झेडपीत गेले आणि उपमुख्यमंत्रिपदापर्यंत पोचले. ऐकायला छान वाटतं. पण उमेदवार व्हायलाच किती कागद लागतात ते या गोष्टींत कुणी सांगत नाही. मला ते डिसेंबर 2020 मध्ये कळलं.

राज्यात 14,234 ग्रामपंचायतींचा कार्यक्रम लागला. अर्ज 23 ते 30 डिसेंबर, आणि मध्येच नाताळला जोडून सुट्ट्या. आमच्या वॉर्डातली एक जागा ओबीसी महिलेसाठी होती. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्हीच भरा." ते म्हणून मोकळे झाले!

राखीव जागेला जातीचा दाखला हवा, आणि व्हॅलिडिटी, म्हणजे तो दाखला तपासून खरा ठरल्याचं प्रमाणपत्र, हातात नसेल तर पडताळणीला अर्ज टाकल्याची पोच. बाईची जात माहेरकडून धरतात. ओबीसीला पुरावा लागतो 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. म्हणजे मत मागायचं सासरी आणि कागद शोधायचे माहेरी. दादाने वडिलांची शाळा गाठली. मास्तरांनी कपाटाच्या तळातून रजिस्टर काढलं, कडा वाळवीने खाल्लेल्या. वडिलांच्या नावाची ओळ मात्र शाबूत होती: 1961 चा प्रवेश, आणि जातीच्या रकान्यात निळ्या शाईचं वळणदार अक्षर. त्या एका ओळीच्या उताऱ्यावर माझी सगळी उमेदवारी उभी राहिली.

फॉर्म ऑनलाइन भरून प्रिंटवर सही करायची असते. साइट चालेल तर ना. सेंटरवर बाया-माणसांची ही गर्दी, पोरगा बिचारा रात्रीचा जागून एकेक पान पुढे ढकलतोय. शेवटी निवडणूक आयोगानेच हाताने भरलेले अर्ज घ्यायला सांगितलं आणि शेवटच्या दिवसाची वेळ साडेपाचपर्यंत वाढवली. शंभर रुपये अनामत, खर्चासाठी वेगळं बँक खातं, घरात शौचालय असून ते वापरतो याचं लेखी, 12 सप्टेंबर 2001 नंतरच्या अपत्यांचं घोषणापत्र. हे सगळं होऊन जातं.

खरी निवडणूक छाननीच्या दिवशी असते, असं माझं मत आहे. भावकीतल्याच एकाने हरकत घेतली, "साहेब, ह्यांची पाणीपट्टी थकलीय." पंचायतीचं बिल आल्यापासून तीन महिन्यांत भरलं नाही तर माणूस अपात्र ठरतो, आणि आमचं घर, नळ सगळं सासऱ्यांच्या नावावर. अर्ज तपासणाऱ्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "पावती?" सासूबाईंनी आदल्या रात्री पत्र्याच्या पेटीतून पावत्यांचा गठ्ठा काढून माझ्या पिशवीत कोंबला होता. कार्बनची पुसट प्रत, पण शिक्का आणि तारीख ठळक. साहेबांनी ती उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, "अर्ज वैध." हरकत घेणारे भाऊजी बाहेर चहाच्या टपरीवर हसून म्हणाले, "मनावर घेऊ नका, वहिनी." घेतलं मी.

प्रचाराचं काय सांगायचं? पक्षाचं चिन्ह तिथे नसतंच, पण कुठलं पॅनेल कुणाचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. 15 जानेवारीला मतदान, 18 ला मोजणी, आणि मी निवडून आले. गुलाल धुऊन झाला की पुष्कळ जण खर्चाचा हिशोब विसरतात. तो तीस दिवसांत द्यावाच लागतो, नाही तर पाच वर्षं घरी बसवू शकतात. हरलेल्यांनीही द्यायचा असतो, हे तर अनेकांच्या गावीही नसतं.

त्या वेळी सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निवडणुकीनंतर निघाली. तोवर सगळेच मनातल्या मनात सरपंच! चिठ्ठी दुसऱ्या प्रवर्गाची निघाली आणि आमच्या पॅनेलमधले दोघे-तिघे एकदम गप्प झाले.

नंतर मला झेडपीचा गट, म्हणजे तिथला मतदारसंघ, लढवावासा वाटू लागला. पण मार्च 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या, प्रशासक बसले, आणि ओबीसी आरक्षणाचा वाद सुप्रीम कोर्टात अडकल्याने निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या. विलासरावांच्या काळी सरपंचाला पुढे जायला झेडपी होती. आमच्या वाट्याला ती बंद दाराची आली. व्हॅलिडिटी तेवढी मुदतीत मिळाली. आता कुणी नवी बाई विचारायला आली तर भाषण देत नाही. आधी विचारते, पाणीपट्टी भरलीस का, आणि पावती कुठंय?