सड्यावरच्या खोलीत शब्द ऐकू येईपर्यंत

राजापूर तालुक्यात आडिवरे-कशेळीच्या बाजूला सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, ज्या आंब्याच्या बागा आहेत, त्यांतल्या काही बागांपर्यंत विजेची लाइन अजून गेलेली नाही. अशाच एका बागेत, जांभ्या चिऱ्यांनी बांधलेल्या खोलीत, एक निवृत्त गुरुजी राहतात. छपरावरची सौर पॅनेले, 12 व्होल्टची बॅटरी, तिच्यात जाणारा प्रवाह सांभाळणारा चार्ज कंट्रोलर आणि इन्व्हर्टर एवढ्यावरच त्यांची वीज चालते. गावातल्या जुन्या नमन मंडळाच्या (नमन म्हणजे कोकणातले गाण्या-नाचाचे लोकनाट्य) काही कॅसेटी त्यांनी मोबाइलवर उतरवून घेतल्या होत्या. त्यांतले बरेचसे गायक आज हयात नाहीत. भजन आणि नमन यांच्या कार्यक्रमांना ध्वनियंत्रणा लावणे हा माझा व्यवसाय असल्याने त्यांनी मला बोलावून घेतले. "नवे स्पीकर आणले, पण सूर तेवढा कळतो रे, शब्द काही कळत नाहीत," असे त्यांचे म्हणणे होते.

मे महिन्याच्या अखेरीस मी तिथे गेलो. स्पीकर आणि अँप्लिफायर सुरू करताच, गाणे लागलेले नसतानाही, खोलीत एक जाडसर घरघर भरून राहिली आणि तिच्यावर दुसरा एक बारीक, करकरीत आवाज चढला. मी सोबत नेलेली वेगळी बॅटरी आणि 12 व्होल्टवर थेट चालणारा छोटा अँप्लिफायर त्याच स्पीकरांना जोडला, तेव्हा दोन्ही आवाज नाहीसे झाले. याचा अर्थ स्पीकर निर्दोष होते आणि दोष त्यांच्यापर्यंत येणाऱ्या विजेत होता.

घरघरीचे कारण लवकर सापडले. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा होता. अशा इन्व्हर्टरची वीज 50 हर्ट्झचीच असली तरी तिच्या चौकोनी लहरीत 150, 250, 350 अशा वरच्या कंपनसंख्याही मोठ्या प्रमाणात मिसळलेल्या असतात. दिव्याला त्यांचा त्रास होत नाही, पण अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरमधून त्या गाण्यात उतरतात आणि नेमक्या पुरुषाच्या बोलण्याच्या पट्टीत येऊन बसतात. एवढ्याशा आवाजासाठी बॅटरीचे 12 व्होल्ट 230 वर चढवायचे आणि अँप्लिफायरने ते पुन्हा खाली आणायचे, हा द्राविडी प्राणायाम मला मुळातच पटत नाही. म्हणून इन्व्हर्टर बंद केला, माझा छोटा अँप्लिफायर चार्ज कंट्रोलरच्या लोड टर्मिनलला, म्हणजे उपकरणांना वीज देणाऱ्या जोडाला, जोडला, आणि घरघर गेली.

करकर मात्र राहिली. ती शोधत असताना घडलेली गोष्ट मी विसरणार नाही. दुपार होती, बॅटरी जवळजवळ भरली होती, आणि मी स्पीकरच्या जाळीला कान लावून बसलो होतो. एवढ्यात समुद्राकडून आलेला एक ढग सूर्यावर आला आणि करकर एकदम थांबली. ढग सरकला तशी ती परत आली. पुढचा ढग येईपर्यंत गुरुजी अंगणात उभे राहून आभाळाकडे पाहत होते आणि मी आत ऐकत होतो. "आला" असे त्यांनी म्हणताच आवाज पुन्हा बंद पडला. कंट्रोलर पीडब्ल्यूएम पद्धतीचा होता. बॅटरी भरत आली की असा कंट्रोलर पॅनेलचा प्रवाह सतत न सोडता तुकड्यातुकड्यांनी सोडतो. ढगामुळे प्रवाह घटला की तोडायला काही उरतच नाही, म्हणून तो वाट सलग उघडी ठेवतो. ही चालू-बंद होणारी धडधड लोड टर्मिनलच्या तारांतून सरळ अँप्लिफायरमध्ये शिरत होती.

उपाय साधाच होता. अँप्लिफायरला फ्यूज घालून थेट बॅटरीच्या टर्मिनलांवरून वीज दिली, कारण भरलेली बॅटरी असे चढउतार बऱ्याच अंशी स्वतःच पोटात घेते. पण त्यासाठी जोड घट्ट आणि तार जाड हवी. खाऱ्या हवेने टर्मिनलांवर हिरवट-पांढरा थर धरला होता. तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडा करून, वर पेट्रोलियम जेली लावली. आधीची तार 1.5 चौरस मिलिमीटरची होती. बॅटरीपासून 10 मीटर जाऊन परत येताना तिच्यात पाव ओमच्या आसपास रोध होतो, आणि 5 अँपिअर प्रवाहाला 12 पैकी सव्वा व्होल्ट वाटेतच जातो. ढोलकीची थाप पडली की आवाज दबत होता तो यामुळेच. तिथे 4 चौरस मिलिमीटरची तार ओढली. मोबाइल त्याच बॅटरीवर चार्जिंगला लावून गाणे ऐकू नये, हेही गुरुजींना करून दाखवले, कारण चार्जर आणि ऑडिओची वायर यांच्या ऋण तारांचे मिळून एक बंद वेटोळे (ग्राउंड लूप) तयार होते आणि किणकिण सुरू होते.

वीज स्वच्छ झाली तरी शब्द अजून धूसरच होते. खोलीत टाळी वाजवली तर तिचा थरथरता पडसाद उमटत होता. उघड्या भिंती, फरशी आणि वर पत्रा. त्यात स्पीकर जमिनीवर, कोपऱ्यात ठेवलेले आणि बास पूर्ण चढवलेला. कोपरा खालच्या सुरांना फुगवतो, आणि स, श, ख, फ या व्यंजनांची ओळख पटते ती वरच्या, साधारण 2000 हर्ट्झच्या पलीकडच्या सुरांवरून. वयोमानाने कान आधी तिथेच कमी होतो. स्पीकर दोन स्टुलांवर, भिंतीपासून हातभर पुढे, गुरुजींच्या कानाच्या उंचीला आणले. त्यांची आरामखुर्चीही निम्म्या अंतरावर ओढली, म्हणजे पडसादापेक्षा स्पीकरचा थेट आवाज जास्त पोहोचतो. मागच्या भिंतीवर दोन जाड गोधड्या टांगल्या आणि बास उतरवला.

मग नमनातला गण, म्हणजे सुरुवातीचे गणेशस्तवन, लावला. गुरुजी पहिली ओळ पुरती ऐकून थांबले, पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितली आणि तिच्यातले शब्द गायकाबरोबर म्हणू लागले. एका जागी त्यांनी मला थांबवून, "हा झीलकरी माझा थोरला भाऊ," असे सांगितले. झीलकरी म्हणजे मुख्य गायकामागून ओळ उचलून धरणारा.

निघण्यापूर्वी मीटर लावून पाहिले. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी बॅटरीतून सुमारे एक अँपिअर ओढत होता. मी जोडलेला छोटा अँप्लिफायर ऐकण्यापुरत्या आवाजात त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात भागतो. त्यामुळे आषाढातल्या अंधारलेल्या दिवसांतही संध्याकाळी तास-दोन तास ऐकण्याइतकी वीज त्यांच्याकडे शिल्लक राहील. उरलेल्या कॅसेटी मी सोबत घेऊन आलो आहे. त्यांतल्या काहींच्या फितीवर बुरशी दिसते, म्हणून पावसाची ओल वाढण्यापूर्वी त्या साफ करून उतरवण्याचे काम हाती घेतले आहे.