प्लंबिंग घेऊ की दुसरं काही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हाताचं काम शिकायचं ठरवलेली मुलं आणि त्यांचे आईवडील मला हेच विचारतात: प्लंबिंग घ्यावं, की इलेक्ट्रिशियन, वेल्डर, एसी मेकॅनिक यांपैकी काही? पैसे कशात जास्त, हे त्यांना ऐकायचं असतं. मी उलट विचारतो, बिघाड शोधायला आवडतं का?

प्लंबिंगमध्ये शोधाशोधच फार. पाणी गळतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे. छताला ओल आली की लोक बरोबर तिच्या वरची फरशी फोडायला निघतात. थांबा. आधी घरातले सगळे नळ बंद करा आणि मीटर बघा. काटा तरीही फिरतोय, तर गळती प्रेशरच्या लाइनमध्ये, म्हणजे नळांना पाणी आणणाऱ्या पाइपात. हलत नसेल, तर संशय सांडपाण्याच्या लाइनवर किंवा वॉटरप्रूफिंगवर. तसंच वासाचं. बेसिनखालच्या वाकड्या ट्रॅपमध्ये साधारण 50 मिलिमीटर उंचीचं पाणी कायम उभं असतं, तेच गटाराचा वास अडवतं. सांडपाण्याच्या लाइनला हवा देणारा व्हेंट पाइप तुंबला की वरून पाण्याचा लोंढा येताना हवा मिळत नाही, ट्रॅपमधलं पाणी खेचलं जातं आणि घरभर वास सुटतो. गळती मात्र कुठेच नाही! हे ऐकताना ज्याला पुढे विचारावंसं वाटतं, त्याने बिनधास्त प्लंबिंग घ्यावं.

विजेचं काम अंगाला कमी मळवतं, पण तिथली चूक वेळ देत नाही. विजेच्या 30 मिलिअँपिअर गळतीवर सप्लाय तोडणारा आरसीसीबी हा स्विच त्यासाठीच बसवतात. मेन बंद केलाय असं कुणी कितीही शपथेवर सांगो, स्वतः तपासल्याशिवाय वायरला हात लावायचा नाही. ही शिस्त अंगात नसेल तर त्या वाटेला जाऊच नये.

वेल्डिंगमध्ये शोधण्यापेक्षा घडवणं जास्त. हात स्थिर हवा, आणि डोळ्यांची व धुराची काळजी रोजच्या रोज.

एसीचं काम मला सगळ्यांत कठीण वाटतं. तांब्याचं ब्रेझिंग, म्हणजे धातू वितळवून पाइप जोडणंही यावं लागतं आणि वायरिंगही. शिवाय पाइपमधली हवा पंपाने ओढून व्हॅक्यूम नीट केला नाही तर आत राहिलेला ओलावा पुढे कॉम्प्रेसर खातो. म्हणून आधी प्लंबिंग किंवा वायरिंगमध्ये हात बसवा, मग तिकडे वळा.

तरीही ठरत नसेल तर ओळखीच्या प्लंबरबरोबर काही दिवस हेल्पर म्हणून जा. फक्त नवीन फिटिंगच्या साइटवर नको, चोकअप काढायलाही जा.