जुन्या मशीनवर लिनक्स: कीबोर्ड नेमका कुठे बंद पडतो ते आधी बघा

मंडळी, अपडेट देतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून ओळखीपाळखीतली जुनी मशीनं माझ्याकडे यायला लागलीत, "हवं तर घे नाहीतर भंगारात देतो" म्हणून. सध्या टेबलावर दोन पेशंट, एक २ जीबी रॅमचा कोर टू ड्युओ लॅपटॉप आणि एक त्याच सुमाराचा असेंबल्ड डेस्कटॉप. दोन्हीवर लिनक्स मिंटचं हलकं एक्सएफसीई टाकलं, दोन्हीकडे कीबोर्डची बोंब, पण दोघांचं दुखणं एकदम उलटं.

आधी लॅपटॉप. बायोसमध्ये (मदरबोर्डवरचं, सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) कीबोर्ड मस्त चालतो, ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) मेनूत बाणाने वरखाली होतं, आणि लॉगिन स्क्रीन आली की ठार. टचपॅड पण गेलेला. यूएसबी माऊस आणि यूएसबी कीबोर्ड मात्र व्यवस्थित (इन्स्टॉल त्यांच्यावरच उरकलं होतं). आता बरेच जण इथे स्क्रूड्रायव्हर काढतात, कीबोर्डची रिबन सुटली असेल म्हणून. अहो, ग्रबमध्ये चालतोय म्हणजे रिबन ठीकच आहे ना! ग्रबपर्यंत कीबोर्ड बायोस सांभाळतं, पुढे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपल्या ड्रायव्हरने ताबा घेतो, घोळ तिथेच होता.

जुन्या लॅपटॉपचा आतला कीबोर्ड बहुतेक यूएसबीवर नसतोच, तो पीएस/२ या यूएसबीआधीच्या जुन्या जोडणीवर असतो, ८०४२ नावाच्या कीबोर्ड कंट्रोलरच्या मागे. हे लचांड १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून चालत आलंय. टचपॅडही त्याच कंट्रोलरवर, म्हणून दोघं एकदम गेले. टर्मिनलात सुडो डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) मारून ८०४२ शोधलं तर ओळ होती की पीएनपीला (बायोसने कर्नलला दिलेली हार्डवेअरची यादी) पीएस/२ कंट्रोलर सापडला नाही. म्हणजे बायोसच सांगतंय की असलं काही या मशीनमध्ये नाही, आणि कर्नलने ते खरं मानलं.

उपाय सोपा आहे. ग्रबच्या मेनूत 'ई' दाबायचं, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी स्पेस देऊन आय८०४२ डॉट नोपीएनपी (i8042.nopnp) टाकायचं, सगळं स्मॉलमध्ये आणि मध्ये कुठेही स्पेस नाही, मग एफ१०. आतला कीबोर्ड ग्रबमध्ये चालतोच, त्यामुळे याला बाहेरचा कीबोर्ड लागतही नाही. मेनू दिसतच नसेल तर बूट होताना शिफ्ट धरून ठेवा, यूईएफआय (बायोसची नवी पिढी) असेल तर एस्केप. हा बदल तेवढ्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे बिनधास्त करून बघा.

कीबोर्ड आला! टचपॅडही आला, पण पॉइंटर माकडासारखा उड्या मारत होता. या कंट्रोलरवर चारपर्यंत पॉइंटिंग डिव्हाइस चालवायची मल्टिप्लेक्सिंगची सोय असते, आणि काही मशीनं ती आहे म्हणून सांगतात पण धड पाळत नाहीत. त्याला आय८०४२ डॉट नोमक्स (i8042.nomux). नोपीएनपीच्या पुढे जोडलं आणि पॉइंटर शांत. मग दोन्ही ग्रबच्या डिफॉल्ट फाईलमध्ये, जिथे क्वाएट स्प्लॅश लिहिलेलं असतं त्याच अवतरणात घातले, सुडो अपडेट-ग्रब केलं, झालं कायमचं. नोपीएनपी, नोमक्स, रीसेट, डम्बकेबीडी अशी अख्खी माळ एकदम घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो, तो मला पटत नाही, कशाने चाललं ते शेवटपर्यंत कळत नाही. एकेक घाला.

आता डेस्कटॉप. इथे यूएसबी कीबोर्ड लिनक्समध्ये चालतो पण ग्रबमध्ये नाही, बायोसमध्ये शिरायला डिलीट दाबलं तरी ढिम्म. म्हणजे बायोसमधला यूएसबी लेगसी सपोर्ट (लिनक्स सुरू होण्याआधी यूएसबी कीबोर्ड चालवणारी सोय) बंद, आणि तो चालू करायला बायोसमध्ये जायचं तर कीबोर्ड हवा, घ्या! रविवारी पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून जांभळ्या पिनचा पीएस/२ कीबोर्ड उचलला. तो मशीन बंद असतानाच लावा, चालू मशीनमध्ये खुपसायची ती पिन नाही. सेटिंग बदललं, यूएसबीवाला ग्रबमध्ये चालायला लागला, रात्री मेन स्विच बंद करून झोपलो, सकाळी परत तेच.

दुवा लागला तो वेगळ्याच ठिकाणी. अपडेट करायला गेलो तर एपीटी (मिंटमध्ये सॉफ्टवेअर बसवणारं टूल) म्हणे रिलीज फाईल अजून व्हॅलिडच नाही, बघतो तर घड्याळ कित्येक वर्षं मागे. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल गेलेला! वीज तोडली की घड्याळही जातं आणि बायोसची सेटिंग पण पुन्हा डिफॉल्टवर. मल्टिमीटर लावला तर ३ व्होल्टच्या सेलमध्ये जेमतेम २.३. नवा टाकला, सेटिंग आता टिकतंय.

बाकी राहिलंय ते लॅपटॉपचं झाकण. बंद करून उघडलं की स्क्रीन जागी होते, कीबोर्ड कधी होतो कधी नाही. आता रीसेट पॅरामीटर लावून बघणार आहे, तेवढ्यात कुणाकडे याच काळातल्या मशीनवर सस्पेंड नीट चालत असेल तर कर्नल कुठला आहे ते टाका.