ज्यांना परतच पाठवायचंय त्यांना शिवण कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, हळदीकुंकवाला गेलं तरी कोणीतरी काढतंच, की जेलमध्ये शिवण शिकवतेस ते ठीक पण बांगलादेशींना कशाला, शिक्षा संपली की त्यांना पाठवूनच देणारेत ना.

नाशिकरोड जेल म्हटलं की आपल्याला कैद्यांनी केलेले गणपती आठवतात. आपल्यातला कोणी तिथे काम शिकला तर सुटल्यावर दुकान टाकेल हे सगळ्यांना पटतं, कागदपत्रांविना राहिला म्हणून आत गेलेल्याचं मात्र पटत नाही. अमेरिकेतही तेच, तिकडच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, जेलच्या कारखान्यात डिपोर्टेशनची, म्हणजे देशाबाहेर पाठवायची, ऑर्डर असलेल्याला घेतच नाहीत, आणि २०१८ च्या तुरुंग-सुधारणेच्या फर्स्ट स्टेप अॅक्टमध्ये कोर्स केल्यावर लवकर सुटायला जे दिवस मिळतात तेही तशी फायनल ऑर्डर असली की वापरता येत नाहीत.

मशीन कमी, शिकणारे जास्त, जागा कोणाला द्यायची हा प्रश्न खराच आहे. पण तो बांगलादेशी माणूस इथे आला कशाला, कामासाठीच ना? रिकाम्या हाताने सोडलात तर पुन्हा कर्ज काढून, इकडे आणणाऱ्या त्याच दलालाकडे जाईल. आणि बांगलादेशच्या निर्यातीत ८० टक्क्यांच्या वर तयार कपडे आहेत, म्हणजे शिवण तर तिकडेच जास्त चालणार! शिवाय शिक्षा संपली तरी हा आमचाच माणूस असं तिकडून कळेपर्यंत बऱ्याच जणांना ताटकळत बसावं लागतं, ते दिवस काय भिंतीकडे बघत काढायचे?

माझ्याकडे एक जण होता, इकडे सेंट्रिंगचं काम केलेला, बोटं इतकी राठ की सुईत दोरा ओवायला दहा मिनिटं लागायची, पण कॉलर अशी बसवायचा की बघत राहावं. सर्टिफिकेटच्या यादीतून त्याचं नाव काढलं, का तर तो जाणारच आहे. मला अजून राग येतो त्याचा. तो म्हणाला, कागद राहू द्या आपा, तिकडे मोटरची मशीन असते, ती पळते, ती आवरायला शिकवा.

आमची मशीन पायाची. मग दोरा काढून जुन्या पेपरवर, बातम्यांच्या मधल्या रेघेवरून नुसती सुई चालवायला लावली, कोपरा आला की पाय थांबलाच पाहिजे. शेवटी शेवटी तो चौकटीचे चारही कोपरे वळून यायचा आणि पेपर खिडकीच्या उजेडात धरून, सगळी भोकं रेघेवरच पडलीत का ते मला दाखवायचा.