सहावं मत

ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत ठराव पडतो किंवा तरतो तो भाषणावर नाही, नोटीस वहीवर आणि प्रोसिडिंगवर, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीवर. २७ जून २०२५ च्या सभेत हे अगदी उघडं दिसलं. गाव करवीर तालुक्यातलं, भोगावतीकाठचं. सदस्य ९. पंचायत जानेवारी २०२१ मध्ये निवडून आलेली, त्यामुळे सरपंच थेट जनतेतून नव्हे, सदस्यांतूनच. ग्रामसेवक म्हणून (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) सभेचा सचिव मी.

मासिक सभेला पूर्ण तीन दिवसांची नोटीस लागते. नोटीस दिली तो दिवस धरायचा नाही आणि सभेचा दिवसही धरायचा नाही. सभा २७ ला, म्हणजे २४, २५, २६ मोकळे हवेत आणि सगळ्यांच्या सह्या २३ च्या संध्याकाळपर्यंत नोटीस वहीवर यायला हव्यात. मधे २६ जूनला शाहू जयंती होती. प्रतिमापूजन झालं, पण दिवस मोजताना सुट्टी वजा होत नाही. सदस्य घरी नसेल तर घरातल्या जाणत्या माणसाची सही घ्यायची, तेही कुणी नसेल तर दारावर डकवून दोन पंचांसमोर पंचनामा करायचा. व्हॉट्सॲप ग्रुपवर अजेंडा टाकला म्हणजे नोटीस लागू झाली, हा समज काढून टाकायला हवा. ग्रुपवर टाका, पण वहीवर सही ती सहीच.

विषय नेहमीचे. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, मे महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी, खर्चाची बिलं, पावसाळ्यातलं पाणी शुद्धीकरण, वारस आणि खरेदीच्या नोंदी नमुना ८ ला (घरांच्या कर आकारणीचं रजिस्टर) घेणे, आलेले अर्ज, अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचे विषय. गणपूर्तीला निम्मे सदस्य, म्हणजे ९ ला ५. आले ७. हजेरीच्या सह्या सुरुवातीलाच घेतल्या. सभा संपल्यावर सही घेऊ म्हणणाऱ्याची सभा कधीतरी अर्ध्यात मोडते आणि मग कोण आलं होतं यावरच वाद होतो.

पहिल्याच विषयाला ठिणगी पडली. मे महिन्याचा ठराव असा होता: ‘मारुती मंदिर ते नदीवेस रस्त्याच्या पूर्व बाजूने १२० मीटर आरसीसी गटार बांधणे. काम सन २०२५-२६ च्या आराखड्यात समाविष्ट आहे. खर्च १५ व्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून करणेत यावा.’ खाली सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. गल्लीत आखणीच्या चुन्याच्या रेघा पडल्यावर लोकांच्या लक्षात आलं, की पूर्वेच्या घरांच्या पायऱ्या आणि कट्टे रेघेच्या आत येतायत. लोकांच्या म्हणजे सदस्यांच्याही. पाचजण एकत्र झाले, त्यातल्या तिघांची घरं त्याच ओळीत.

‘भाऊसाहेब, गेल्या टायमाला आमी हो म्हणलं, पर पायऱ्या जाणार हे कुणी सांगितलं? आता कायम करायचंच हाय न्हवं? मग पूर्वच्या जागी पश्चिम लिव्हा आन् कायम करा.’

ही मागणी वर्षातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या सभेत येतेच. इतिवृत्त कायम करणं म्हणजे ठराव पुन्हा मंजूर करणं नव्हे. त्या दिवशी जे ठरलं ते बरोबर लिहिलंय का, एवढाच प्रश्न त्यात असतो. ‘पूर्व’ ठरलं होतं आणि ‘पश्चिम’ लिहिलं असतं, तर दुरुस्ती करता आली असती. इथं ठरलंही पूर्व आणि लिहिलंही पूर्व. सरपंचताईंनी तेवढंच विचारलं, ‘वाचलं ते खरं हाय का न्हाई?’ खरं आहे म्हणाले. इतिवृत्त कायम झालं, बाकी बोलणं शेवटी घेऊ म्हणून पुढं सरकलो.

प्रोसिडिंग बुकाबद्दल इथंच सांगतो. पानांना क्रमांक, प्रत्येक पानावर गोल शिक्का. ठराव संपला की सह्यांच्या आधी उरलेल्या कोऱ्या ओळींवर तिरकी रेघ मारायची. रेघ न मारलेली चार बोटं जागा पुढं कुणाच्या तरी हस्ताक्षरात भरते, आणि चौकशीत शाईचा रंग दिसतो तेव्हा सही मात्र आपली असते. खाडाखोड झालीच तर शब्द वाचता येईल असा एका रेघेनं खोडून शेजारी सरपंच आणि सचिव दोघांच्या आद्याक्षऱ्या. पांढरी शाई कधीही नाही.

जमाखर्च, बिलं आणि पाणी हे तीन विषय पंधरा-वीस मिनिटांत झाले. पथदिव्यांचं आणि जॅकवेलचं (नदीचं पाणी उचलायची विहीर) महावितरणचं बिल, टीसीएलची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लिचिंग पावडरची खरेदी. पोती उघडताना त्यात क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली नाही ना हे बघायचं. ओल लागलेलं पोतं कितीही टाकलं तरी उपयोग नाही. चांगल्या पावडरीला हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो, आणि शेवटच्या नळाला ओटी टेस्ट, म्हणजे तिथवर क्लोरीन पोचला का याची तपासणी. बिलांचे विषय अजेंड्यावर वर ठेवण्याची माझी जुनी खोड आहे, तिचा त्या दिवशी उपयोग झाला.

नोंदींचा विषय निघाला आणि पाचजणांनी गटारीचा विषय पुन्हा काढला. कलम ३७ वाचून दाखवावं लागलं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे झालेला ठराव तीन महिन्यांच्या आत बदलायचा, दुरुस्त करायचा किंवा रद्द करायचा असेल, तर एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं लागतात. एकूण, हजर नव्हे. सातात पाच म्हणजे ढीगभर बहुमत वाटतं, पण हिशेब नवाचा आहे. नवाला सहा. एक मत कमी पडत होतं. एकानं पुण्याला गेलेल्या सदस्याला फोन लावला आणि स्पीकरवर ‘माझा पाठिंबा हाय’ असं वदवलं. फोनवरचा माणूस हजेरीत नाही, म्हणून मतातही नाही.

आणि सहावं मत मिळालं असतं तरी दोन अडचणी होत्याच. विषय अजेंड्यावर नव्हता. महिन्यापूर्वीचा ठराव ऐनवेळच्या विषयात फिरवला, तर गैरहजर दोघांपैकी कुणीही तक्रार करू शकतो. दुसरं, काम ग्रामसभेनं मंजूर केलेल्या आराखड्यात बाजूसकट नोंदलेलं. बंधित निधी, म्हणजे आयोगाच्या पैशातला ठरावीक कामांनाच वापरायचा ६० टक्के भाग, निम्मा पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला होता. गटार त्या स्वच्छतेच्या भागातली. आराखड्यातलं काम बदलायचं तर ग्रामसभेकडं परत जायला हवं.

मग एक सदस्य भडकून म्हणाले, ‘लिव्हून घ्या! माज्या पायऱ्या तीस वर्सं रस्त्यावर हाईत, कुणाची टाप हाय काढायची!’ हे वाक्य प्रोसिडिंगला जसंच्या तसं घेतलं असतं, तर सदस्यानं स्वतःच्या तोंडानं सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण कबूल केल्याचा सहीचा कागद झाला असता. कलम १४ (१) (ज-३) खाली सदस्यत्व जाण्याची प्रकरणं अशाच कागदांवर उभी राहतात. इतिवृत्तात निर्णय लिहायचा असतो, भाषण नाही. तरी आग्रहच असेल तर घेतो, पण आधी कलम वाचा म्हणून पुस्तक पुढं केलं. त्यांनी वाचलं. ‘ऱ्हाऊ द्या’ म्हणाले.

पण राग गेला नव्हता. पाचांपैकी तिघं उठून बाहेर गेले. सातातून तीन गेले, उरले चार. गणपूर्ती मोडली. अशा वेळी उरलेल्यांच्या सह्यांवर सभा रेटायची नाही. गेलेल्यांची नावं आणि वेळ लिहायची (१२ वाजून ४० मिनिटं), तोपर्यंत झालेले विषय कायम, पुढचे पुढच्या सभेला. वीजबिलं आणि टीसीएल आधीच मंजूर असल्यानं गावाचं पाणी अडलं नाही. अडल्या त्या वारस नोंदी. त्यातल्या एकाचं बँकेत कर्जप्रकरण होतं, तो नव्या नावाच्या उताऱ्यासाठी सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसलेला. गटारीशी त्याचा काडीचा संबंध नाही.

संध्याकाळी तिघांचा अर्ज आला: आमची नावं हजेरीतून वगळावीत. वगळता येत नाहीत. आले होते, सह्या आहेत. शिवाय तसं करणं त्यांच्याच अंगलट आलं असतं. परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिलं तर पद जातं, आणि त्यातल्या एकाच्या आधीच्या दोन सभा कोऱ्या होत्या.

पूर्व बाजू का घेतली हे मे महिन्यात कुणी गल्लीत जाऊन दाखवलंच नव्हतं, वादाचं मूळ तिथं. पुढच्या आठवड्यात पंचायत समितीच्या शाखा अभियंत्यांना घेऊन सगळे सदस्य जागेवर गेले. पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी घेऊन लेव्हल काढली. गटारीला १०० फुटाला निदान ६ इंच उतार हवा. पूर्वेला तो सरळ नदीवेशीपर्यंत मिळतो. पश्चिमेला मधोमध ९ इंचांचा उंचवटा. तिथून गटार न्यायची तर खोल खणावं लागतं, आणि खाली ११० मिलिमीटरची पाण्याची लाइन. जोड गळला की सांडपाणी नळाला. नळीतलं पाणी दोन्हीकडं डोळ्यांनी बघितल्यावर पश्चिमेचं नाव कुणी काढलं नाही.

प्रश्न उरला दारात जायचा. मूळ ठरावात झाकणं घातली तर ती दुरुस्तीच, म्हणजे परत सहा मतं. म्हणून मूळ ठरावाला हात न लावता जुलैच्या अजेंड्यावर वेगळं काम घेतलं: प्रत्येक दारासमोर ग्रामनिधीतून, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या पैशातून, काँक्रीटची झाकणं. सूचक उठून गेलेल्या तिघांपैकीच एक. वारस नोंदी त्याच्या आधी, दुसऱ्या क्रमांकाला घेतल्या. झाकण २ फूट बाय २ फूट, ३ इंच जाड. वजन सत्तर किलोच्या आसपास, दोघांना पहारीनं उचलता येतं. दोन हुक आतच ओतून घ्यायचे, नाहीतर गाळ काढायला झाकण फोडावं लागतं. उसाची ट्रॉली जिथं वळते त्या दोन कोपऱ्यांवर मात्र ६ इंच जाडी आणि दुहेरी सळी, अशी वेगळी ओळ अंदाजपत्रकात घालून घेतली.