सोलापूर ते हैदराबाद, कांद्याची ट्रिप: भत्ता कुठे जातो आणि कसा वाचतो

जानेवारीत सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची आवक जोरात असते, त्यामुळे ट्रकला भाडं लगेच मिळतं. गाडी मात्र लगेच भरत नाही. लिलाव, तोलाई, पोती शिवणं, मग हमालांची थप्पी, यात अख्खा दिवस जातो. ड्रायव्हरचा पैसा चाकं फिरताना फारसा जात नाही, गाडी उभी असताना जातो, असं माझं ठाम मत आहे. चहा, वडापाव, पुडी, पुन्हा चहा असं करत संध्याकाळपर्यंत दोन-तीनशे रुपये उडालेले असतात आणि अजून एक किलोमीटरही झालेला नसतो.

म्हणून जेवणाची सोय घरूनच घेऊन निघा. आपल्या सोलापूरकरांना यात कुणी शिकवायची गरज नाही. ज्वारीच्या कडक भाकरीचं एक पुडकं केबिनमध्ये टाकलं की ट्रिपभर हलत नाही, फक्त ओल लागू देऊ नका. सोबत शेंगाचटणी. उखळात कुटलेली, बोटाला तेल सुटणारी घ्या. मिक्सरची कोरडी चटणी पोटभर जात नाही. यार्डात गाडी लागली की तीन लिटरच्या कुकरमध्ये तूरडाळ लावायची, लसूण-मिरचीची फोडणी द्यायची आणि त्या गरम आमटीत भाकरी चुरायची. पाच मिनिटांत भाकरी मऊ पडते. दोघांचं जेवण साठ-सत्तर रुपयांत होतं. धाब्यावर एकट्याचीच थाळी दीडशेच्या पुढे जाते.

गॅससाठी 5 किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. शेगडी केबिनमध्ये मात्र पेटवू नका, कितीही थंडी असो. गाडीच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून, ताडपत्री आणि डिझेल टाकीपासून लांब बसा.

नळदुर्ग, उमरगा सोडलं की कर्नाटक लागतं, हुमनाबादनंतर झहीराबादला तेलंगण. तेलंगणात डिझेल महाग आहे. मालक ट्रिपचा ठोक खर्च देत असेल तर टाकी झहीराबादच्या आधीच भरा. टायरची हवा पंपावर फुकट तपासून मिळते, तो आपला हक्क आहे. हवा कमी असेल तर डिझेलही जास्त जातं आणि टायरही. फास्टॅगची शिल्लक निघायच्या आधी बघा. टॅग चालला नाही आणि रोख भरले तर दुप्पट टोल बसतो, यूपीआयने भरला तर सव्वापट. भुर्दंड कुणाच्या हिशेबात टाकायचा यावर मालकाशी वाद होतो तो वेगळाच.

हैदराबादला मलकपेटच्या कांदा बाजारात पहाटेआधी पोचायचं असं धरूनच सोलापूर सोडा. दिवसा शहरात जड वाहनांना बंदी असते. उशीर झाला की बाहेर थांबून पुन्हा खर्च. यावेळी खाली करताना एका व्यापाऱ्याच्या माणसाने उतराईचे पैसे माझ्याकडे मागितले. बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या वाहतूक पावतीवर, हमाली व्यापाऱ्याची असं स्पष्ट लिहून घेतलं होतं, ते दाखवल्यावर विषय संपला. ही ओळ सोलापुरातच लिहून घ्या, तोंडी ठरलेलं दोनशे-तीनशे किलोमीटरवर कुणी मानत नाही.

परतीच्या भाड्यासाठी पाटणचेरूच्या कारखान्यांकडे थांबावं लागतं. इथे खरी कसोटी. वेळ जात नाही, शेजारच्या गाडीत पत्ते रंगतात आणि पैसे लावले जातात. तिथे बसू नका. झोप काढा, कपडे धुवा, गाडीचं ग्रीसिंग बघा. भाडं लवकर मिळावं म्हणून पडेल त्या दरात माल घेऊ नका आणि ओव्हरलोड तर मुळीच नको. कायद्यात 20,000 रुपये दंड आणि वर जादा प्रत्येक टनाला 2,000 आहे. त्यात ट्रिपची सगळी कमाई बुडते.

आता वाचलेल्या पैशाचं. भत्ता हातात आला की ट्रिपला लागेल तेवढा ठेवून उरलेला त्याच वेळी घरी पाठवा. परत आल्यावर पाठवू म्हटलं की तो पैसा कधीच पोचत नाही. पोस्टात महिना 100 रुपयांपासून आवर्ती ठेव उघडता येते, मंडळींच्या नावाने उघडा. आणि बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भराच: वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना 2 लाख. हप्ता दरवर्षी खात्यातून आपोआप कापला जातो, तेव्हा मे महिन्यात खात्यात तेवढी शिल्लक ठेवा. वारसाचं नाव बरोबर लागलंय ना, हे घरच्यांना पासबुकासोबत दाखवून ठेवा.